शेवटचं प्रकरण वरच्या खोलीत

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज हिने मला कामाला लावलं. दुकानातून येऊन बूट काढतोय तोवर स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, एवढी पुस्तकं फस्त करता, त्यातलं एखादं आईला द्या की. दिवसभर भिंतीकडे बघत पडलेली असते."

सासूबाई आमच्याकडे येऊन महिना उलटून गेला. त्यांच्या इमारतीच्या जिन्यात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात हाड उत्तम जुळलंय, आता चाललंच पाहिजे, कठडा धरून जिनासुद्धा चढायला हरकत नाही. आत्ता आळस केला तर पाय कायमचा आखडेल. सासूबाई डॉक्टरांपुढे मान डोलावतात आणि घरी आल्या की पांघरूण ओढून घेतात. वॉकर पलंगाशेजारी उभा असतो. त्याच्यावर त्या टॉवेल वाळत घालतात.

या बाई रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. चालत्या गाडीत या डब्यातून त्या डब्यात जायच्या, भलेभले त्यांना बघून संडासात लपायचे. आमच्या लग्नात त्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं की मी खिसे चाचपले होते. आणि आता न्हाणीघरापर्यंत जायचं तरी लेकीचा दंड लागतो.

त्यात काल मेहुण्यांचा फोन. ते महिनाअखेरीला येतायत. सासूबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तोवर आईला जिना चढता आला नाही तर घर विकून टाकू आणि तिला कायमची माझ्याकडे नेतो, म्हणाले. माणूस वाईट नाही, काळजीने बोलतो. पण सासूबाई नुसतं एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." जिने जन्मात कुणाला स्वतःची खुर्ची सरकवू दिली नाही ती असं म्हणाली, म्हणून ही ओट्याशी उभी राहून रडली. मला ही रडलेली अजिबात बघवत नाही. देतो पुस्तक, म्हणालो.

बुधवार, ५

रहस्यकथा कधीच न वाचलेल्या माणसाला पहिली कुठली द्यावी? वाटतो तेवढा साधा प्रश्न नाही. वरच्या खोलीत माझी तीन कपाटं भरून रहस्यकथा आहेत, तरी संध्याकाळभर त्यांच्यासमोर उभा होतो. (जिना चढून आल्यावर आधी पाच मिनिटं दम खाल्ला. डॉक्टरांनी सासूबाईंना तपासता तपासता माझ्या पोटाकडे बघून "तुम्हीही जरा चालत जा" म्हटलं होतं. आगाऊपणा.)

शेवटी माझं सगळ्यात लाडकं काढलं. बेटावरचं घराणं, चार पिढ्या, सुरुवातीला वंशावळ आणि नकाशा. सासूबाईंच्या हातात देताना म्हणालो, "आई, यात एकदा शिरलात की बाहेर पडणं नाही."

जेवायच्या आत बाहेर पडल्या. "एवढी माणसं, जावईबुवा? प्रवासी मोजायचा पगार बंद झाला माझा."

शुक्रवार, ७

चूक माझीच. आपल्याला आवडतं ते समोरच्याच्या गळ्यात मारणं म्हणजे शिफारस नव्हे. दुकानात मी असं करतो का? पहिल्यांदा चष्मा लागलेल्या माणसाला एकदम जाड काच दिली तर त्याला फरशी वरखाली दिसते, तो चष्मा काढून ठेवतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

म्हणून नीट विचार केला. नवख्याला बारीक पुस्तक हवं. माणसं मोजकी, सगळी एका छताखाली. रक्त फार नको. आणि मुख्य म्हणजे लेखकाने लबाडी करू नये. सगळे धागे वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत टाकलेले असावेत, म्हणजे शेवटी उलगडा झाल्यावर त्याने कपाळावर हात मारला पाहिजे की हे तर माझ्या समोरच होतं. समाधान म्हणतात ते हेच. शेवटच्या पानावर कुठून तरी जुळा भाऊ आणून उभा करणाऱ्या लेखकांना मी कपाटात जागा देत नाही.

लॉजवाल्याच्या खुनाचं पुस्तक दिलं. सहा पाहुणे, एक स्वयंपाकी, दार आतून बंद.

शनिवार, ८

जेवताना सासूबाई स्वतःहून बोलल्या. "तो दुसऱ्या खोलीतला खोटारडा आहे."

"कशावरून, आई?"

"कुणी विचारलं नसताना सांगतोय रात्री कुठे होता ते. मी तिकीट मागायच्या आधीच जो कारण सांगायला लागतो ना, त्याच्याकडे तिकीट नसतं."

हिने माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे. महिनाभरात एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली त्यांनी.

बुधवार, १२

आज काय झालं ते सविस्तर लिहितो.

लॉजवालं पुस्तक जुनं, शिवण उसवलेली. शेवटचं प्रकरण पूर्ण सुटून आलं होतं, म्हणून काल ते डिंक लावायला जेवणाच्या टेबलावर काढून ठेवलं आणि विसरलो. ही आपल्या ऑफिसात, मी दुकानात. दुपारी जेवायला घरी आलो तर पलंग रिकामा. बघतो तर सासूबाई जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसलेल्या, समोर सुटी पानं, आणि वॉकर शेजारी. त्यावरचा टॉवेल जमिनीवर.

"आई, तुम्ही एकट्या आलात?"

"मग काय पानं चालत येणार होती? खोटारडा होता, पण खून त्याने नाही केला. थांबा, दोन पानं राहिलीत."

मी घाईघाईने सांगितलं की पानं आपोआप सुटली, शिवणच उसवली होती, मी मुद्दाम काही केलं नाही. हे दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी पानावरून डोळे वर करून तीच ती लग्नातली नजर टाकली.

पण माझ्या डोक्यात विचार आला तो आलाच.

गुरुवार, १३

आज दुकानातली धारदार पाती घरी आणली आणि एका धडधाकट पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कापून काढलं. हिला सांगितलं तर ही पलंगावर मटकन बसली.

"तुम्ही पुस्तक कापलंत? माझ्या मावसभावाने पुस्तकावर कप ठेवला म्हणून त्याच्याशी वर्षभर बोलला नव्हतात."

"मावसभावाचं कारण वेगळं होतं. कपाखाली बशी नव्हती."

मग बेत सांगितला. पुस्तक सासूबाईंच्या हातात, शेवटचं प्रकरण लांब. आज बैठकीत, उद्या व्हरांड्यात, परवा फाटकाच्या पत्रपेटीत. हिने माझ्या खांद्याला डोकं टेकवलं. इतक्या वर्षांत माझ्या रहस्यकथांचं हिने केलेलं हे पहिलं कौतुक.

सोमवार, १७

बेत फक्कड चाललाय. व्हायोलिनच्या चोरीसाठी सासूबाई बैठकीपर्यंत आल्या, विषप्रयोगासाठी व्हरांड्यापर्यंत. तोंडाने शिव्या चालूच. "म्हातारीला वणवण करायला लावता, पाप लागेल." लागू दे म्हटलं.

एक फजिती झाली. मी हौसेने आगगाडीतल्या खुनाचं पुस्तक दिलं, म्हटलं यांच्या धंद्यातलं आहे, खूश होतील. तासाभरात परत आलं. "हा खुनी तीन डबे ओलांडून जातो आणि तपासनीसाला पत्ता नाही? झोपला होता का तो? आणि गाडी सुटल्यावर या दाराची कडी बाहेरून लागत नाही." पुढे अर्धा तास मला दारांच्या कड्या समजावून सांगितल्या. तिकीट तपासनीसाला गाडीतलं रहस्य देऊ नये, हे या वहीबाहेर कुणाला सांगायची गरज नाही.

बुधवार, १९

फाटकापर्यंत आल्या. वॉकर घेऊन का होईना, पण आल्या. शेजाऱ्यांचा बोका पत्रपेटीवर बसला होता, त्याला हाकलून प्रकरण काढलं आणि तिथेच उभ्याने वाचलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता खरी परीक्षा. जिना.

घड्याळजीच्या मृत्युपत्राचं पुस्तक दिलंय. माझ्या मते नवख्याने पाच-सहा वाचल्यावर घ्यावं असं रत्न. त्याचं शेवटचं प्रकरण वरच्या खोलीत, माझ्या टेबलावर.

शनिवार, २२

बेत फसला. घड्याळजीचं पुस्तक संपत आलं तशा सासूबाईंनी विचारलं, "शेवट कुठाय?" मी बोट वर केलं. त्यांनी जिन्याकडे बघितलं. चेहरा एकदम उतरला. मग पुस्तक मिटून उशीखाली सारलं. "नाही वाचलं म्हणून मी मरत नाही."

मी खूप गोड बोलून बघितलं. हात धरतो म्हटलं, मागे उभा राहतो म्हटलं. "जावईबुवा, सोडा," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. मीच घाई केली. पुढच्या रविवारी मेहुणे येतील आणि घर जाईल. ही मात्र शांत आहे. म्हणाली, "तुम्ही आता मागे लागू नका. दुकानात जास्त वेळ बसा." मन घट्ट केलेलं दिसतंय बिचारीने. दुपारी अर्धी रजा घेऊन आईजवळ बसते हल्ली.

मंगळवार, २५

घरात काहीतरी शिजतंय. मी उगाच इतकी वर्षं रहस्यकथा वाचत नाही. माझ्या नजरेतून असल्या बाबतीत काही सुटत नाही.

एक, वरच्या खोलीतली पुस्तकं कुणीतरी हाताळतंय. बेटावरचं घराणं मी उभं ठेवलं होतं, आता आडवं आहे. दोन, माझ्या खुर्चीवर उशी आली आहे. तीन, आणि हे महत्त्वाचं, खोलीत मलमाचा वास. सासूबाई गुडघ्याला लावतात तेच मलम, वास ओळखीचा आहे.

शांत डोक्याने एकेक नाव खोडत गेलो. बोका पुस्तक काढून वाचणार नाही. सासूबाई जिना चढू शकत नाहीत, हे तर सिद्धच आहे. उरली ही. हिला पुस्तकांचा कंटाळा, तरी ही वर जाऊन उशीला टेकून बसते आणि आईचं मलम लावते. अर्थ स्पष्ट आहे. हिची पाठ दुखतेय आणि माझ्यापासून लपवतेय, कारण मी आधीच आईच्या काळजीत आहे. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

मी काही बोललो नाही. ताकास तूर लागू दिली नाही. फक्त आज भांडी मी घासली.

शुक्रवार, २८

चार दिवस झाले, केर मी काढतो, कपडे मी वाळत घालतो, पाण्याचे हंडे मी उचलतो. हिला म्हटलं, तू नुसती बस. हिने एकदा विचारलं, "का हो?" मी म्हटलं, "मला सगळं कळतं." ही तोंडात पदर कोंबून आत गेली. भरून आलं असणार.

सासूबाई घड्याळजीच्या पुस्तकाबद्दल हळहळत होत्या. "त्या नर्सचं वाईट वाटतं. एवढं सगळं करून शेवटी ती एकटीच घर सोडून जाते." शेवट न वाचता पात्रांवर एवढी माया. त्यातून अंदाज किती अचूक, अगदी तसंच घडतं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, आई, तुम्ही जन्मजात गुप्तहेर आहात. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही, जावईबुवा, फार गोड माणूस आहात." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला कसंतरीच झालं. परवा घर जाणार आणि ही बाई मला गोड म्हणतेय.

आज दुकानात एक गिऱ्हाईक चष्मा हरवला म्हणून नवा करायला आलं होतं. चष्मा कपाळावर. लोक इतके बेसावध कसे राहतात मला कळत नाही.

मी मागवलेली नवी कादंबरी आज आली. वेष्टन काढून टेबलावर ठेवलीय, पान उलटलेलं नाही. हे सगळं निभावलं की वाचेन, एवढंच बक्षीस.

रविवार, ३०

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

मेहुणे सकाळी आले. पाणी पिऊन झाल्यावर अवघडून म्हणाले, "आई, घराचं मी एकाशी बोलून ठेवलंय. तू हो म्हण, म्हणजे पुढचं बघतो."

सासूबाई म्हणाल्या, "बोलू. आधी सगळे बैठकीत बसा. तू इथे. ही तिथे. जावईबुवा, तुम्ही समोर. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात, असंच असतं ना?"

मी म्हटलं, "हो, आई, पण कशाला?"

"माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कुठाय?"

"वर. मी आणतो."

"बसा." आणि त्या उठल्या. वॉकर तसाच राहिला. कठडा धरला, चांगला पाय वर ठेवला, मग दुसरा. मेहुणे ताडकन उठले, तर हिने त्यांची बाही धरून खाली बसवलं. त्या एकेक पायरी चढत वर गेल्या आणि खोलीत दिसेनाशा झाल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातात पानं होती. पण जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या. खाली बघितलं. तोच चेहरा, घड्याळजीचं पुस्तक मिटलं त्या दिवशीचा. पडल्या होत्या त्या उतरतानाच.

"असे बघत बसू नका रे," त्या म्हणाल्या, "काहीतरी बोला."

मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी, ही ओठ चावत बसलेली. शेवटी मीच सुरू झालो. नवी कादंबरी आलीय, आई, म्हटलं, अजून उघडली नाही. मग सुचेल ते बोलत गेलो, कागदाचा रंग, मुखपृष्ठावरचा दिवा, आगगाडीच्या दारांच्या कड्या, बोका. ही नेहमी म्हणते मला बोलायला विषय लागत नाही. आज कामी आलं. मी बोलत होतो आणि त्या उतरत होत्या. खालच्या पायरीवरून फरशीवर पाय टेकला, तेव्हा मी मावसभावाच्या कपापर्यंत पोचलो होतो.

त्या खुर्चीत बसल्या, घाम पुसला आणि पानं माझ्या मांडीवर ठेवली. "मागच्या रविवारीच वाचलंय हे. तुम्ही केस कापायला गेला होतात तेव्हा. पहिल्यांदा बसूनच चढले, लहान मूल चढतं तशी. मागे लेक होती. मग रोज दुपारी."

"पण मला का नाही सांगितलंत?"

"पडले तेव्हा सगळी इमारत जिन्यात उभी राहून बघत होती. तेव्हापासून कुणी बघायला लागलं की पाय कापतात. तुम्ही तर टाळ्या वाजवायला टपलेले." मग गालातल्या गालात हसल्या. "पण लबाडी नाही केली हं. पुस्तक आडवं ठेवलं, उशी ठेवली, मलमाचा वास ठेवला, नर्सचं सांगून टाकलं. सगळं तुमच्या समोर होतं."

मी हिच्याकडे वळलो. "मग तुझी पाठ?"

"माझ्या पाठीला काय झालंय?" ही म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली की मेहुण्यांनी पाणी आणून दिलं. मी पाच-सहा दिवसांत उचललेले हंडे माझ्या डोळ्यांपुढून गेले. राग यायला हवा होता. नाही आला. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं ते वेगळंच.

मेहुणे म्हणाले, "म्हणजे घर..."

"घराला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी हो म्हटलं की तूच मला सोडायला चल. वर पोचल्यावर चहा मी करीन."

गुरुवार, ४ डिसेंबर

डॉक्टर हो म्हणाले. सासूबाई गेल्या. मेहुणे सोबत होते, दर मजल्यावर थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी वर गेल्या, असा फोन आला. दुकानात गर्दी होती म्हणून मला सोडायला जाता आलं नाही. खरं लिहायचं तर तो तिसरा मजला मला झेपत नाही. मी वर्षातून एकदा जातो, तेही दुसऱ्या मजल्यावर फोन आल्याचं निमित्त करून थांबतो.

आज त्यांच्या खोलीत गेलो तर पलंग रिकामा आणि वॉकर कोपऱ्यात. घर फार गप्प वाटलं. एवढी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

रविवार, ७

परवा नवी कादंबरी उघडली. काय पुस्तक आहे. बंद पडलेला दवाखाना, पाच माणसं, एक हरवलेली किल्ली. दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आज सकाळी ऐन मोक्याला आलो. गुप्तहेराने सगळ्यांना एका खोलीत बसवलं, घसा खाकरला, मी पान उलटलं, आणि पुढे पुठ्ठा.

शेवटचं प्रकरण नाही. कडेला धारदार पातीने घेतलेला सरळ, स्वच्छ काप. माझ्यापेक्षा सफाईदार.

फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, "जावईबुवा, खुनी कोण असेल वाटतं?"

"आई, पानं कुठायत?"

"माझ्याकडे, टेबलावर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी तुम्हालाही चालायला सांगितलंय, मी ऐकलंय. चहाचं आधण ठेवते. आणि दुसऱ्या मजल्यावर फोन घ्यायला थांबू नका, मला वरून दिसतं."

बूट घालायला बाहेर आलो, तर ही चपला घालून दारात उभी.